ब्रेकचा निरोप कोणत्या तारेवरून जाणार?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये एका अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध केला. आठहून अधिक प्रवासी नेणारी वाहने, बस आणि ट्रक यांत तीन यंत्रणा बंधनकारक करण्याचा हा प्रस्ताव होता. समोर अडथळा दिसताच आपोआप लागणारा ब्रेक, चालकाला डुलकी लागत असल्याचा इशारा आणि गाडी मार्गिका सोडू लागली तर मिळणारी सूचना, अशा या तीन यंत्रणा. नव्या मॉडेलसाठी एप्रिल २०२६ हा मुहूर्त सुचवण्यात आला होता. असा प्रस्ताव आला की चर्चा होते ती कॅमेऱ्याची, रडारची आणि वाढणाऱ्या किमतीची. कॅमेऱ्याने पाहिलेले ब्रेकपर्यंत पोहोचवणाऱ्या तारेकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. जगभरातील वाहन उद्योग सध्या ही तार बदलण्याच्या कामात गुंतला आहे.

वर्धा जिल्ह्यासाठी हा विषय दूरचा नाही. नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाच्या दहा जिल्ह्यांपैकी वर्धा हा एक. सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून हा रस्ता जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. मृतांत वर्धा जिल्ह्यातील अनेक जण होते. अमुक एक उपकरण असते तर ती दुर्घटना टळली असती, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण सरळ, एकसुरी रस्ता, रात्रीची वेळ आणि मोठा वेग यांचा मेळ किती घातक ठरतो, हे त्या रात्रीने दाखवून दिले. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर हा एखाद्या मोठ्या साथीसारखाच प्रश्न आहे.

एकच माइक असलेली ग्रामसभा

आजच्या मोटारीत लहानमोठे अनेक संगणक असतात. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, दरवाजे, वातानुकूलन अशा प्रत्येकाचा नियंत्रक वेगळा. पूर्वी प्रत्येक दोन भागांमध्ये स्वतंत्र तार टाकावी लागे आणि तारांचा गुंता वाढतच जाई. त्यावर जर्मनीच्या बॉश कंपनीने उपाय शोधला. फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका परिषदेत तिने ‘कॅन’ नावाची पद्धत मांडली. एकमेकांभोवती पिळलेल्या दोन तारा, त्यावर सगळे नियंत्रक जोडलेले आणि सगळ्यांचे बोलणे त्याच तारांवरून.

एकच माइक असलेल्या ग्रामसभेसारखी ही व्यवस्था आहे. एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. दोघांनी एकदम तोंड उघडले तर ज्याचा क्रमांक आधीचा त्याला संधी मिळते आणि दुसरा निमूटपणे थांबतो. ब्रेकच्या निरोपाला आधीचा क्रमांक दिला की खिडकीच्या काचेचा निरोप त्याच्या आड येत नाही. ही पद्धत स्वस्त आणि दणकट आहे. जवळपास चाळीस वर्षे झाली, तरी लहान मोटारीपासून ट्रकपर्यंत सर्वत्र ती टिकून आहे ती यामुळेच.

तिची मर्यादा वेगाची आहे. मूळ कॅनचा कमाल वेग सेकंदाला दहा लाख बिट आणि एका निरोपात जास्तीत जास्त आठ बाइट माहिती. इंजिनाचे तापमान किंवा चाकाचा वेग कळवायला एवढे पुरेसे होते. पुढे तिची सुधारित आवृत्ती आली, तिचा वेगही वाढला, पण त्यालाही मर्यादा होत्या. मग गाडीला डोळे आले आणि हिशेब बदलला.

एका चित्राला किती वेळ लागतो?

साधे गणित करून पाहू. उच्च दर्जाच्या एका कॅमेरा चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला १२ बिट धरले तर एका चित्राचे जवळपास अडीच कोटी बिट होतात. कॅनच्या तारेवरून, तिची पूर्ण क्षमता या एकाच कामाला दिली तरी, हे एक चित्र पाठवायला सुमारे २५ सेकंद लागतील. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार तेवढ्या वेळात ८३० मीटर पुढे गेलेली असेल. सेकंदाला दहा कोटी बिट नेणाऱ्या तारेवर त्याच चित्राला पाव सेकंद लागतो आणि मोटार आठ मीटर सरकते. शंभर कोटी बिट नेणाऱ्या तारेवर हे अंतर ८३ सेंटिमीटरवर येते.

हे गणित मर्यादा समजण्यापुरतेच. प्रत्यक्षात कुणी कच्चे चित्र कॅनवरून पाठवत नाही. काचेमागच्या कॅमेऱ्यातच छोटा संगणक असतो, तो चित्र जागीच वाचतो आणि ‘पुढे वाहन, अंतर इतके’ एवढाच निष्कर्ष कॅनवर टाकतो. काही गाड्यांत कॅमेऱ्यापासून मुख्य संगणकापर्यंत खास वेगळी तार असते. चाकणमध्ये तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ पासून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मिळू लागली, पुढे इतर देशी गाड्यांतही ती आली. ट्रक आणि बसमध्येही कॅनवर आधारलेल्या पद्धतीनेच हे काम करता येते. म्हणजे मसुद्यातील तीन यंत्रणांसाठी नवी तार लागलीच पाहिजे असे नाही.

मग तिची गरज कशासाठी? एका कॅमेऱ्याने भागत नाही तेव्हा. चार बाजूंचे कॅमेरे, पुढची-मागची रडार, आत चालकाच्या पापण्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा या सगळ्यांची माहिती एकत्र करून निर्णय घ्यायचा असेल, तर ती एका ठिकाणी वेळेत पोहोचायला हवी. रात्री पावसात कॅमेरा कमी पडतो तेव्हा रडार सावरून घेते, पण दोघांनी सांगितलेली गोष्ट एकाच क्षणाची आहे हे संगणकाला कळायला हवे. दुसरे कारण सॉफ्टवेअरचे. मोबाइलप्रमाणे गाडीच्या सॉफ्टवेअरमध्येही दुरुस्त्या येत राहतात. एक जीबीचा मजकूर कॅनवरून भरायला काही तास जातात, दहा कोटी बिटच्या तारेवर दीड मिनिट पुरते.

कार्यालयातली तार गाडीत

इथरनेट हे नाव कार्यालयांतून ओळखीचे आहे. संगणकाच्या मागे खोचलेली ती निळी किंवा करडी केबल. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी तिची सुरुवात केली. मेटकाफ यांना या कामासाठी २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जगाचे इंटरनेट ज्या तंत्रावर उभे आहे ते गाडीत आणायला मात्र बराच काळ जावा लागला.

अडचण होती विद्युतचुंबकीय गोंगाटाची. कार्यालयातली केबल गाडीत तशीच टाकली तर तिच्यातून बाहेर पडणाऱ्या लहरी गाडीच्या रेडिओला त्रास देतात आणि इंजिनाकडच्या लहरी केबलमध्ये घुसतात. धातूची जाळी गुंडाळलेली केबल वापरली तर खर्च आणि वजन वाढते. बीएमडब्ल्यूने २००८ मध्ये इथरनेट गाडीत घेतले, पण ते वर्कशॉपमध्ये गाडी उभी असताना सॉफ्टवेअर भरण्यापुरतेच. चालत्या गाडीसाठी ब्रॉडकॉम कंपनीने वेगळी युक्ती काढली. कार्यालयात दोन जोड्या लागतात तिथे तारांची एकच पिळलेली जोडी, जाळीचे कवच नाही आणि तिच्यावरून एकाच वेळी दोन्ही दिशांनी संवाद. नोव्हेंबर २०११ मध्ये वाहन आणि चिप कंपन्यांनी या तंत्रासाठी एक आघाडी स्थापन केली. २०१३ मध्ये बीएमडब्ल्यूच्या एक्स ५ मोटारीत सभोवतालच्या कॅमेऱ्यांसाठी ते वापरले गेले. २०१५ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. पुढच्याच वर्षी दहापट वेगाचे मानक आले आणि २०२० मध्ये शंभरपट वेगाचेही.

उद्योगाचा कल किती पक्का आहे हे २०२५ च्या एका व्यवहारावरून दिसते. जर्मनीच्या इन्फिनिऑन कंपनीने अमेरिकेतील मार्व्हेलचा वाहनांसाठीच्या इथरनेटचा व्यवसाय २५० कोटी डॉलरला विकत घेतला.

कॅन मात्र इतक्यात निवृत्त होणार नाही. खिडकीची काच वरखाली करायला कुणी महागडी तार टाकणार नाही. नव्या रचनेत गाडीचे तीन-चार विभाग पाडतात. जवळची उपकरणे विभागातल्या नियंत्रकाला साध्या तारांनी जोडतात आणि विभाग मुख्य संगणकाला इथरनेटने जोडतात. गावातले रस्ते तसेच ठेवून फक्त त्यांना जोडणारा महामार्ग नवा बांधावा, तसे हे आहे. मोठ्या मोटारीतल्या तारांचे वजन ५० किलोंच्या आसपास जाते. या रचनेत त्यातला बराच भाग वाचतो. विजेवरच्या गाडीत वाचलेला प्रत्येक किलो अंतराच्या हिशेबात उपयोगी पडतो.

मालगाडी बाजूला, राजधानी पुढे

इथरनेटचा मूळ स्वभाव एका बाबतीत गाडीला परवडणारा नव्हता. कार्यालयात ईमेल एक सेकंद उशिरा पोहोचला तर काही बिघडत नाही. ब्रेकचा निरोप दहाव्या हिश्श्याच्या सेकंदाने उशिरा पोहोचला, तर ताशी १२० च्या वेगात गाडी तीन मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. तारेची रुंदी कितीही असली तरी गर्दी झाली की निरोप रांगेत अडकतात. म्हणून वेगाइतकीच वेळेची हमी महत्त्वाची.

त्यासाठी इथरनेटला वेळापत्रकाची जोड देण्यात आली. वर्धा आणि सेवाग्राम ही रेल्वेची जोडस्थानके. इथे मुंबईकडची आणि बल्लारशाहकडची वाट वेगळी होते. राजधानीची वेळ झाली की स्टेशन मास्तर मालगाडीला आधीच बाजूच्या रुळावर घेऊन ठेवतो. मालगाडी किती डब्यांची आहे याने राजधानीला फरक पडत नाही. वेळबद्ध इथरनेटमध्ये असेच घडते. गाडीतल्या सगळ्या नियंत्रकांची घड्याळे अत्यंत बारकाईने जुळवली जातात आणि ठरावीक क्षणी ठरावीक निरोपासाठीच वाट मोकळी ठेवली जाते. पडद्यावर मुलांचा चित्रपट चालू असला तरी त्याच तारेवरून जाणारा ब्रेकचा निरोप अडत नाही. एअरबॅगसारख्या काही गोष्टी तरीही या जाळ्यावर सोडलेल्या नाहीत. धडकेनंतर काही हजारांश सेकंदांत फुगवायच्या पिशवीसाठी तिच्या नियंत्रकापासून थेट तार असते.

बसची लांबी आणि बॉडी बिल्डर

इथपर्यंतची कहाणी मोटारीची झाली. वर्ध्याच्या रस्त्यांवर रात्री धावणाऱ्या खासगी बसचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

पहिला मुद्दा लांबीचा. मोटारींसाठीच्या इथरनेटची मानके १५ मीटर तारेचा विचार करून तयार झाली. बारा मीटरच्या बसमध्ये तार छताला, खांबाला वळसे घेत मागच्या टोकापर्यंत जाते तेव्हा ती १५ मीटर सहज ओलांडते. ट्रक आणि बससारख्या वाहनांसाठी एका मानकात ४० मीटरची सोय आहे. ती मुद्दाम निवडावी लागते, तिला योग्य तार आणि जोडण्या घ्याव्या लागतात.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. आपल्याकडे अनेक बसचा सांगाडा एका कंपनीचा आणि वरची बॉडी दुसऱ्याच कारखान्याची असते. दिवे, पंखे, पडदे, मोबाइल चार्जिंगची सोय अशी बरीच तारजोडणी बॉडी बिल्डरकडे होते. बॉडीसाठी नियम आहेत. पण पुढच्या कॅमेऱ्याच्या, बाजूच्या रडारच्या आणि चालकावर नजर ठेवणाऱ्या उपकरणाच्या तारा याच कारखान्यातून जाणार असतील, तर तिथल्या कामगाराला या तारेचा स्वभाव माहीत असायला हवा. वातानुकूलन यंत्राच्या जाड वीजतारेला बांधून नेलेली माहितीची तार कागदावर उत्तीर्ण होईल, रस्त्यावर दगा देईल.

उंदीर, चिकटपट्टी आणि स्कॅनर

पावसाळ्यात उभ्या गाडीच्या तारा उंदराने कुरतडणे हा विदर्भातल्या गाडीमालकांचा नेहमीचा अनुभव आहे. गावातला इलेक्ट्रिशियन तुटलेली तार सोलतो, दोन टोके पिळतो, वर काळी पट्टी गुंडाळतो आणि गाडी चालू होते. दिव्याच्या तारेला हे चालते, कॅनही अनेकदा अशी डागडुजी सोसते. इथरनेटच्या जोडीला ती सोसत नाही. दोन्ही तारांचा पीळ शेवटपर्यंत सारखा राहावा लागतो. जोडणीपाशी तो थोडा सुटला तरी लहरी परत उलटतात आणि निरोप गाळला जातो. तार अर्धवट चालत राहणे यातला खरा धोका. उभ्या गाडीत सगळे ठीक दिसते, महामार्गावर हादरे आणि उष्णता वाढली की कॅमेरा अधूनमधून आंधळा होतो. वाहनांतील चिप उणे ४० ते अधिक १०५ किंवा १२५ अंशांपर्यंत तपासलेल्या असतात, त्यामुळे विदर्भाच्या ४५-४६ अंशांचा त्यांना त्रास नाही. धूळ आणि पाणी शिरलेल्या, हाताने जोडलेल्या सांध्याला मात्र अशी कोणतीही हमी नसते.

काचेचेही तसेच. खडी उडून पुढची काच फुटली तर बदलल्यानंतर कॅमेऱ्याची नजर पुन्हा जुळवून घ्यावी लागते. ती अंशभर वाकडी राहिली तर दूरवरचे वाहन शेजारच्या मार्गिकेत असल्याचे गाडी समजेल. अशी सोय जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळाली नाही, तर काच बसवून ‘पुढे बघू’ म्हणणारेच जास्त असतील.

या बदलाची तयारी अशक्य नाही. कार्ब्युरेटर सोडून संगणकावर चालणारे इंजिन आले, एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ आले, तेव्हाही गल्लीतल्या मेकॅनिकचे दिवस संपल्याचे म्हटले गेले. त्यांनी स्कॅनर घेतले आणि काम शिकून घेतले. या वेळी फरक असा, की अनेक जुने स्कॅनर फक्त कॅनची भाषा जाणतात, नव्या गाड्यांची तपासणी इंटरनेटच्या पद्धतीने होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमात पिळलेल्या जोडीची दुरुस्ती, तिची चाचणी आणि कॅमेऱ्याची जुळवणी हे प्रात्यक्षिकात आले, तर वर्धा, हिंगणघाट, आर्वी इथल्या तरुणांना त्यात रोजगारही आहे.

कुलूप हवे, किल्ली कुणाकडे?

गाडीचे जाळे इंटरनेटशी जोडले गेले की चोरही त्याच वाटेने येऊ शकतो. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा दुरून मिळवून दाखवला आणि कंपनीला १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. मूळ कॅनमध्ये निरोप पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच नाही, ग्रामसभेत जो माइक धरेल त्याचे खरे मानायचे. इथरनेटमध्ये प्रत्येक निरोपावर सहीसारखी खूण घालता येते आणि ती तपासता येते. भारतातही वाहनांच्या सायबर सुरक्षेसाठी आणि सॉफ्टवेअर बदलांसाठी एआयएस १८९ आणि एआयएस १९० ही मानके तयार झाली आहेत. १९६६ पासून काम करणारी पुण्याची एआरएआय ही संस्था देशातील वाहन चाचण्यांचे प्रमुख केंद्र आहे. या मानकांना प्रत्यक्ष चाचणीचे बळ देणे अशा संस्थांच्या हाती आहे.

पण चोराला अडवणारे कुलूप मेकॅनिकलाही अडवते. बदललेला कॅमेरा गाडीने स्वीकारावा यासाठी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागणार असेल, तर मालकाला अधिकृत केंद्राखेरीज पर्याय उरत नाही आणि तिथला खर्च नको म्हणून यंत्रणा बंद ठेवण्याचा मोह होतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा वाहने आणि शेती अवजारे या दोन्हींचा त्यात समावेश होता. सुरक्षिततेचे नियम ठरवताना हा हक्क बाजूला पडला, तर तालुक्याच्या ठिकाणी नव्या यंत्रणा पहिल्या बिघाडापर्यंतच जिवंत राहतील.

यातून सरकारसाठी तीन कामे निघतात. आपोआप लागणारा ब्रेक बंधनकारक करताना त्याची तारजोडणी कुणी आणि कोणत्या मानकाने केली, याची जबाबदारी बॉडी बिल्डरसह प्रत्येकावर नेमकी टाकावी. वाहनाच्या योग्यता तपासणीत ब्रेक आणि दिव्यांबरोबर या यंत्रणांचीही चाचणी घ्यावी, कारण बसवलेली यंत्रणा पाच वर्षांनी चालते का, हे आज कुणी विचारत नाही. आणि तपासणीची साधने, दुरुस्तीची माहिती वाजवी किमतीत अधिकृत केंद्रांच्या बाहेरही मिळावी.

डुलकीचा इशारा देणाऱ्या यंत्राबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत शरीराची झोपेची ओढ सर्वांत तीव्र असते. तीन सेकंदांची डुलकी ताशी १२० च्या वेगात शंभर मीटर अंतर खाते. यंत्र चालकाला जागे करू शकते, त्याची राहिलेली झोप भरून देऊ शकत नाही. लांब पल्ल्याच्या बसवर दुसरा चालक आणि ठरलेली विश्रांती यांना तारेच्या कितीही वेगाने पर्याय मिळणार नाही. नागपूरहून रात्री निघालेली बस वर्ध्याच्या प्रवाशांना घेऊन पुढे जाते, तेव्हा चांगली तार आणि झोप झालेला चालक या दोन्ही गोष्टी तिच्यात असायला हव्यात.